लाल राज्य, निळं राज्य आणि टॅक्सचं बिल: नेमका संबंध काय?

खतावणी

अमेरिकेत राज्य बदलायचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. 'टेक्सासला जा, तिथे टॅक्स नाही' हे एक. 'निळ्या राज्यांत टॅक्स भरमसाट, पण सोयी मिळतात' हे दुसरं. (लाल म्हणजे रिपब्लिकनांकडे झुकणारं राज्य, निळं म्हणजे डेमोक्रॅटांकडे.) दोन्हींत तथ्य आहे, पण त्यावर घर घेण्याइतकं नाही.

आधी साधी यादी बघू. पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही अशी राज्यं नऊ: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. यातलं वॉशिंग्टन पक्कं निळं. नेवाडा कधी इकडे, कधी तिकडे. न्यू हॅम्पशर अध्यक्षीय निवडणुकीत निळं, पण विधिमंडळ बहुतेकदा लाल. राज्याचा सेल्स टॅक्स नसलेली पाच: ऑरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशर आणि अलास्का (अलास्कात गावं आपापला लावतात). इथेही दोन्ही रंग आहेत.

माझं म्हणणं असं, की राज्याच्या रंगावरून टॅक्स किती पडेल हे कळत नाही. तो कुणाकडून आणि कुठल्या खिडकीवर घेतला जातो, हे थोडंफार कळतं. जमा झालेल्या पैशाचं काय केलं, हे मात्र बऱ्यापैकी कळतं. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. 'कोणता पक्ष चांगला' यासाठी दुसरे धागे आहेत, तिकडे भांडा.

टोलनाका

आकडे मागितलेत म्हणून एक हिशेब. नवरा-बायको, मुलं नाहीत, दोघांचा मिळून पगार १,५०,००० डॉलर, घर ५,००,००० चं.

टेक्सास: इन्कम टॅक्स शून्य. प्रॉपर्टी टॅक्स एकच नसतो. शाळा, काउंटी, शहर, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज असे वेगवेगळे आकारणारे असतात. शाळेचा दर १.१० टक्के आणि बाकीच्यांचा मिळून ०.९० धरू. शाळेच्या टॅक्सपुरतं होमस्टेड एक्झेम्प्शन (राहत्या घराच्या मूल्यातून वगळली जाणारी रक्कम) २०२३ मध्ये १,००,००० झालं आणि २०२५ मध्ये १,४०,०००. म्हणजे शाळेचा टॅक्स ३,६०,००० वर, ३,९६० डॉलर. बाकीचा ५,००,००० वर, ४,५००. एकूण ८,४६०. आता घर नव्या वसाहतीत असेल आणि तिथे मड, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट (पाणी-सांडपाण्याची सोय करणारी स्थानिक संस्था) असेल, तर त्याचे ०.८० टक्के धरा. आणखी ४,०००. झाले १२,४६०.

कॅलिफोर्निया: २०२४ च्या दरांनी, स्टँडर्ड डिडक्शन घेऊन, इन्कम टॅक्स साधारण ५,७००. पगारातून कापला जाणारा एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) १.१ टक्के, म्हणजे १,६५०. प्रॉपर्टी टॅक्स स्थानिक बाँड धरून १.१५ टक्के, ५,७५०. एकूण १३,१००.

मड असलेल्या घरात फरक उरला साडेसहाशे डॉलरचा. 'टॅक्स नाही' म्हणजे एवढंच! अर्थात पगार चार लाख असेल तर टेक्सास सरळ जिंकतं, कारण तिकडचं बिल पगाराबरोबर वाढत नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर त्याच तोडीचं घर पाच लाखांत मिळत नाही, हा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो.

पागोळी

टोलनाका, हिशेब बरोबर आहे, पण तो धाग्यावर येणाऱ्यांच्या पगाराचा झाला. खालच्या पगारावर करून बघा, चित्र उलटं होतं.

६०,००० डॉलर, नवरा-बायको, एक मूल. कॅलिफोर्नियात २०२४ च्या नियमांनी टॅक्स निघतो पावणेआठशेच्या आसपास. त्यातून दोघांचं १४९ प्रमाणे आणि मुलाचं ४६१ असं क्रेडिट वजा केलं की राज्याचा इन्कम टॅक्स जवळजवळ शून्य. तेच कुटुंब इलिनॉयमध्ये ४.९५ टक्क्यांच्या सपाट दराने अडीच हजार भरतं. पेनसिल्व्हेनियात ३.०७ टक्क्यांनी १,८४२, वर गावाचा अर्न्ड इन्कम टॅक्स वेगळा. इलिनॉय निळं म्हणून तिथे श्रीमंतांकडून जास्त घेत असतील असा समज असतो. घेता येत नाही, कारण सपाट दर राज्यघटनेतच लिहिलेला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो बदलायचा प्रस्ताव मतदानाला टाकला होता. बायडेनना भरघोस मतं देणाऱ्या त्याच मतदारांनी तो पाडला.

वॉशिंग्टनचंही तसंच. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसीच्या २०२४ च्या क्रमवारीत गरिबांवर सर्वाधिक भार टाकणारं राज्य फ्लोरिडा आणि दुसरं वॉशिंग्टन. एक लाल, एक निळं. दोन्हीकडे इन्कम टॅक्स नाही, दोन्हीकडे भिस्त सेल्स टॅक्सवर. तो भरताना पगार कोण विचारतं? वॉशिंग्टनने २०२२ पासून मोठ्या भांडवली नफ्यावर ७ टक्के लावला, तो याच कारणाने.

आडवाट

थोडं टेक्सासच्या प्रॉपर्टी टॅक्सबद्दल, कारण तिथे चुका ठरावीक होतात.

नवं घर घेतलं की पहिल्या वर्षीचं बिल बहुधा नुसत्या जमिनीचं असतं, कारण मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं आणि तेव्हा घर अर्धवट असतं. बँक त्याच बिलावरून एस्क्रो (टॅक्स-विम्यासाठी हप्त्यातून बाजूला ठेवली जाणारी रक्कम) ठरवते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की एस्क्रोत खड्डा पडतो. मागची तूट आणि पुढची वाढ एकदमच वसूल होते, महिन्याचा हप्ता पाच-सातशेने वाढतो. म्हणून पहिल्या वर्षी पूर्ण किमतीवर टॅक्स काढून फरक बाजूला ठेवावा.

होमस्टेडचा फॉर्म ५०-११४. ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो, नाहीतर अर्ज परत येतो. होमस्टेड लागू झालं की करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढत नाही. ही मर्यादा खरेदीनंतर नव्याने सुरू होते. आधीच्या मालकाचं कमी मूल्य तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे जाहिरातीतला 'मागच्या वर्षीचा टॅक्स' बघून भुलू नका.

मूल्यांकनावर हरकत घ्यायची मुदत १५ मे, किंवा नोटिशीपासून ३० दिवस, जे नंतर असेल ते. फॉर्मवर दोन्ही कारणांवर खूण करा: बाजारभावापेक्षा जास्त मूल्यांकन आणि इतरांच्या तुलनेत असमान मूल्यांकन. दुसरं जास्त चालतं. टेक्सासात विक्रीच्या किमती सार्वजनिक नोंदीत नसतात, पण शेजाऱ्यांची मूल्यांकनं सगळी खुली असतात. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाकडे, त्यांचे पुरावे मागा. सुनावणीच्या १४ दिवस आधी ते द्यावे लागतात.

सर्वांत वाया जाणारी मेहनत कुठली, सांगतो. नोटिशीवर दोन आकडे असतात, बाजारमूल्य आणि मर्यादा लागलेलं मूल्य. समजा बाजारमूल्य ६,००,००० आहे आणि मर्यादित मूल्य ५,००,०००. भांडून बाजारमूल्य ५,४०,००० वर आणलं, तर यंदा एक पैसाही वाचत नाही. पाच लाखांच्या खाली आणलं तरच वाचतो.

अर्धविराम

आडवाट यांच्या प्रतिसादात धाग्याचा खरा मुद्दा लपलाय. ऑस्टिन, ह्यूस्टन, डॅलस ही निळी शहरं, राज्य लाल. इन्कम टॅक्स नको हे राज्याने ठरवलं आणि २०१९ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यावर कुलूपही लावलं. मग शाळांचा खर्च कुणाच्या डोक्यावर? स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सच्या. बिल आल्यावर शिव्या खातात काउंटी आणि स्कूल बोर्ड. वर राज्य २०१९ पासून म्हणतं, शहर-काउंटीने जुन्या मालमत्तांवरची वसुली साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर मतदान घ्या. श्रीमंत स्कूल डिस्ट्रिक्टकडून पैसे काढून राज्यभर फिरवायची 'रॉबिनहूड' व्यवस्था १९९३ पासून आहेच. त्यात वर्षानुवर्षे सर्वाधिक रक्कम भरणारं ऑस्टिन. लाल राज्यात संपत्तीचं फेरवाटप, तेही निळ्या शहराकडून!

कॅलिफोर्नियात उलट घडलं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने प्रॉपर्टी टॅक्स मूळ खरेदीच्या १ टक्क्यावर बांधला, वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के. शाळांचं ओझं सॅक्रामेंटोवर, म्हणजे राज्य सरकारवर गेलं आणि राज्य इन्कम टॅक्सवर टेकलं. वरचा दर १३.३ टक्के. भांडवली नफ्यालाही तोच दर, त्यामुळे शेअर बाजार पडला की राज्याच्या तिजोरीत खड्डा आणि वर गेला की उधाण. आजच्या 'निळ्या' कररचनेचा पाया १९७८ च्या करविरोधी मतदारांनी घातलेला आहे, हे कुणी लक्षात घेत नाही.

(अवांतर: कॅलिफोर्नियात घर घेतल्यावर काही महिन्यांनी सप्लिमेंटल बिल येतं. जुनं मूल्य आणि तुमची खरेदी यांतल्या फरकावरचा टॅक्स असतो तो. ते सहसा बँकेकडे जात नाही, थेट घरी येतं. एस्क्रो आहे म्हणून पाकीट बाजूला ठेवलं की दंड.)

बोरूबहाद्दर

हे सगळं ठीक, पण निळ्या राज्यांत पैसे जास्त घेऊन सोयी दिसत नाहीत, ही तक्रार खोटी आहे का? इलिनॉयमधल्या कुणालाही विचारा. टॅक्स कमी केला तर निदान पैसे आपल्या खिशात राहतात.

खतावणी

तक्रार खरी आहे. इलिनॉयच्या १९७० च्या घटनेत सरकारी नोकरांच्या पेन्शनला हात लावता येणार नाही असं कलम आहे. अनेक दशकं दोन्ही पक्षांच्या सरकारांनी पेन्शन फंडात पुरेसे पैसे टाकले नाहीत. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कपातीचा कायदा रद्द केला. म्हणजे आजच्या टॅक्सचा मोठा हिस्सा जुन्या शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या देण्यात जातो. रस्ता दुरुस्त झालेला दिसत नाही तो म्हणून. भरीला स्थानिक संस्था जवळपास सात हजार, देशात सर्वाधिक. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आणि बहुतेकांची शाळा, पोलीस, सगळं वेगळं. तिथला प्रॉपर्टी टॅक्स देशात पहिल्या नंबरावर असण्याचं ते एक मोठं कारण. हवाईत सगळ्या राज्याचा मिळून एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आणि शाळांचा पैसा राज्याच्या तिजोरीतून, म्हणून तिथला प्रॉपर्टी टॅक्सचा दर तळाला. दोन्ही निळी.

'टॅक्स कमी केला तर' याचा प्रयोग कॅन्ससमध्ये झाला आहे. २०१२ मध्ये गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी वरचा दर ६.४५ वरून ४.९ वर आणला आणि एलएलसी, एस-कॉर्पसारख्या व्यवसायांचं उत्पन्न पूर्ण करमुक्त केलं. चूक दुसऱ्या भागात होती. तोच धंदा, तेच उत्पन्न, फक्त कागदावर पगाराऐवजी व्यवसायाचं उत्पन्न दाखवलं की टॅक्स शून्य. नवे धंदे अपेक्षेइतके आले नाहीत, कागद बदलले. तूट भरायला महामार्गांचा निधी वळवला, २०१५ मध्ये सेल्स टॅक्स ६.१५ वरून ६.५ केला. किराण्यावरही तेव्हा तोच दर होता, म्हणजे सूट वर मिळाली आणि भरपाई खालून झाली. २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरांचा व्हेटो ओलांडून त्यातलं बरंचसं मागे घेतलं. दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचंच होतं, हे महत्त्वाचं.

पागोळी

लाल राज्यांतल्या सोयींबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. लाल राज्यात सरकारी सोयी नसतात हा दुसरा गैरसमज.

ओक्लाहोमाने चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोफत प्री-के (शाळेआधीचा वर्ग) १९९८ मध्ये आणलं. टेनेसीने नुकत्याच हायस्कूल संपवलेल्यांसाठी कम्युनिटी कॉलेज २०१५ पासून फीमुक्त केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये सगळ्यांसाठी ते यायला २०२४ उजाडलं. नेब्रास्कात घराघरांत वीज पुरवणाऱ्या संस्था सगळ्या सार्वजनिक किंवा सहकारी. नॉर्थ डकोटात १९१९ पासून राज्याच्या मालकीची बँक आहे आणि पिठाची गिरणीसुद्धा. फ्लोरिडात खासगी कंपन्या घरांचा विमा सोडून पळाल्या तेव्हा ओझं उचललं राज्याने काढलेल्या 'सिटिझन्स'ने.

आणि फक्त पैशाने होतं असंही नाही. मिसिसिपी शाळांवर कमी खर्च करणाऱ्या राज्यांपैकी. २०१३ मध्ये कायदा केला: तिसरीच्या शेवटी वाचता आलं नाही तर चौथीत ढकलायचं नाही, आणि मागे पडलेल्या शाळांत वाचन-प्रशिक्षक पाठवायचे. चौथीच्या वाचनात राष्ट्रीय चाचणीत ते राज्य २०१३ मध्ये ४९ वं होतं, २०२४ मध्ये ९ वं.

रंग ठसठशीत दिसतो तो मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात. प्रौढांना दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत मेडिकेड द्या, ९० टक्के खर्च केंद्र देईल, अशी योजना. दहा राज्यांनी घेतली नाही: टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी, कॅन्सस, विस्कॉन्सिन, वायोमिंग. विस्कॉन्सिन दारिद्र्यरेषेपर्यंत तरी देतं. बाकीच्यांत मूल नसलेल्या धडधाकट प्रौढाला मेडिकेड जवळजवळ नाहीच, आणि दारिद्र्यरेषेच्या खाली असल्यामुळे मार्केटप्लेसवर (सरकारी विमा-बाजारात) खासगी विमा घ्यायला सबसिडीही नाही. थोडं जास्त कमावणाऱ्याला मदत आणि कमी कमावणाऱ्याला काहीच नाही, अशी ही खाच आहे. पण आयडाहो, युटा, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिझुरी, साउथ डकोटा इथे मतदारांनी थेट मतदानाने विस्तार मंजूर केला. आमदार लाल, मतदारही लाल, तरी या एका प्रश्नावर दोघांची उत्तरं वेगळी.

अर्धविराम

याला जोडून तेलाचं उदाहरण, कारण तिथे हवामान, जमीन, धंदा सगळं सारखं आणि फक्त राजकारण वेगळं. पर्मियन खोऱ्याचा एक भाग टेक्सासात, एक न्यू मेक्सिकोत. टेक्सास तेलावरच्या कराचा मोठा भाग राखीव निधीत आणि महामार्गांना देतं. न्यू मेक्सिकोने लहान मुलांसाठी वेगळा निधी काढला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून पाळणाघराचं अनुदान उत्पन्नाची अट काढून सगळ्यांना खुलं केलं. अलास्का तिसरी तऱ्हा: १९८० मध्ये इन्कम टॅक्सच रद्द, आणि १९८२ पासून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला रोख लाभांश, मूल असो की म्हातारा. तिथे आता कोणत्याही पक्षाला लाभांशाला हात लावणं अवघड, आणि जो लावतो त्याला निवडणूक जड जाते.

तेलाच्या पैशावर महामार्ग बांधणं आणि तो घरोघर वाटणं, या दोन्हींना 'कमी टॅक्सचं राज्य' हे एकच लेबल लागतं.

बोरूबहाद्दर

कॅन्ससचा मुद्दा मान्य. पण निळी राज्यं केंद्राला जास्त देतात आणि लाल राज्यं खातात, हे जे पसरवलं जातं त्याचं काय?

टोलनाका

ढोबळमानाने बरोबर, पण कारण रंग नाही, उत्पन्न. फेडरल इन्कम टॅक्स चढत्या दराचा, म्हणून मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सीसारखी श्रीमंत राज्यं जास्त भरतात. मेडिकेडमध्ये केंद्राचा वाटा राज्याच्या दरडोई उत्पन्नावर ठरतो: किमान ५० टक्के, मिसिसिपीला त्याहून कितीतरी जास्त. शिवाय न्यू मेक्सिको आणि व्हर्जिनिया ही हल्लीची निळी राज्यंही भरपूर घेतात, कारण राष्ट्रीय प्रयोगशाळा, सैन्य, सरकारी नोकऱ्या.

सॉल्टचं मात्र राजकारणच. सॉल्ट म्हणजे राज्याचे आणि स्थानिक टॅक्स. ते फेडरल रिटर्नमध्ये वजा करायला २०१७ च्या कायद्याने १०,००० ची मर्यादा घातली. २०२५ मध्ये ती ४०,००० झाली, पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर कमी होत जाते आणि २०३० मध्ये पुन्हा १०,०००. माझ्या त्या वरच्या हिशेबातल्या कुटुंबाला याचा फायदा तेव्हाच, जेव्हा हे टॅक्स आणि घरकर्जाचं व्याज मिळून स्टँडर्ड डिडक्शनच्या वर जाईल.

आडवाट

राज्य बदलणाऱ्यांसाठी तीन खाचा.

आरएसयू (कंपनीने देऊ केलेले, पण मुदतीनंतरच हातात येणारे शेअर) कॅलिफोर्नियात असताना मिळाले आणि टेक्सासला जाऊन व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, तरी ग्रँट ते व्हेस्ट या काळातले जेवढे कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले तेवढ्या प्रमाणात तिथला टॅक्स लागतो. १,००० पैकी ६०० दिवस तिकडे, तर ६० टक्के. त्यासाठी ५४०एनआर (कॅलिफोर्नियाचा अनिवासींचा रिटर्न फॉर्म) भरावा लागतो. पेरोलवाले बहुधा नव्या राज्याप्रमाणे कापतात, आणि नोटीस दोन-तीन वर्षांनी येते.

न्यू यॉर्क सोडून गेलात पण घर तिथेच ठेवलं आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे पाय ठेवला, तर रहिवासी म्हणूनच धरतात. दिवसाचा काही भाग म्हणजे एक दिवस.

आणि तो प्रसिद्ध जुगाड: वॉशिंग्टनच्या व्हँकूव्हरमध्ये राहायचं, म्हणजे इन्कम टॅक्स नाही, आणि नदी ओलांडून पोर्टलंडमध्ये खरेदी करायची, म्हणजे सेल्स टॅक्स नाही. अर्धाच चालतो. नोकरीसाठी प्रत्यक्ष पोर्टलंडला जात असाल तर त्या दिवसांच्या पगारावर ऑरेगनचा टॅक्स लागतोच. आणि ऑरेगनमधून आणलेल्या मालावर वॉशिंग्टनचा यूझ टॅक्स कायद्याने देय आहे. टीव्हीच्या बाबतीत कुणी विचारत नाही, गाडीच्या बाबतीत नंबरप्लेट घेताना खिडकीवरच भरून घेतात.

पागोळी

आडवाट, चौथी राहिली. एचएसएची (आरोग्यखर्चासाठीच्या बचत खात्याची) करसवलत कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मानत नाहीत. तिथे राहायला गेल्यावर राज्याच्या रिटर्नमध्ये एचएसएत टाकलेली रक्कम उत्पन्नात परत मिळवावी लागते, आणि खात्यातलं व्याज, लाभांश दरवर्षी दाखवावे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये राज्य बरोबर निवडलं तर बहुधा आपोआप होतं. खात्यात गुंतवणूक असेल तर व्याज-लाभांश दाखवणारा १०९९ फॉर्म येत नाही, स्टेटमेंटमधून हाताने काढावं लागतं.